दोन घड्याळांचा बोर्ड आणि १९७० साल: लिनक्स कर्नलमध्ये आरटीसी ड्रायव्हरची जुळणी

प्रश्न थोडक्यात असा: आयएमएक्स६ प्रोसेसरचा बोर्ड आहे, त्यावर आय-टू-सी बसला (चिप एकमेकींना जोडणारी दोन तारांची वाट) डीएस३२३१ हे घड्याळ जोडलं आहे, बटण सेल बसवला आहे. ४.१९ कर्नल स्वतः कंपाइल केला, मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) डीएस१३०७ चा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे मागाहून लोड होणारा वेगळा तुकडा म्हणून, निवडला. 'आरटीसी१' (आरटीसी म्हणजे सेलवर चालत राहणारं घड्याळ) वाचलं तर वेळ अगदी बरोबर दिसते. तरीही वीज जाऊन आली की बोर्ड १ जानेवारी १९७० ला जागा होतो. ड्रायव्हर बदलावा, की सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यूक्लॉकची (आरटीसी वाचणारी-लिहिणारी आज्ञा) एक ओळ टाकून मोकळं व्हावं?

दोन्ही करू नका. ड्रायव्हर बरोबर आहे. डीएस१३०७ याच नावाच्या ड्रायव्हरमध्ये डीएस३२३१, डीएस१३३७, डीएस१३३९ अशी सगळी भावंडं सामावलेली आहेत, तेव्हा नाव वेगळं दिसलं तरी निवड चुकलेली नाही. चिपही बरोबर आहे, कारण ती योग्य वेळ सांगते हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. चुकलं आहे ते एवढंच की कर्नलने वेळ विचारली ती दुसऱ्याच घड्याळाला, आणि तुमचं घड्याळ हजर होण्याआधी विचारली. स्क्रिप्टमधल्या ओळीने वेळ दुरुस्त होईल, पण ती स्क्रिप्ट चालेपर्यंत जे जे सुरू झालं त्या सगळ्याने १९७० पाहिलेलं असेल. लॉगच्या पहिल्या ओळी, फाइल सिस्टीमची तपासणी, सुरक्षित जोडणीच्या टीएलएस प्रमाणपत्रांची मुदत, सगळं त्यात आलं. म्हणून हे काम कर्नलमध्येच नीट लावायचं.

आधी एक घोळ दूर करतो. कर्नलच्या मेनूत 'क्लॉक' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या पानावर जातो. एक असतो क्लॉकसोर्स, म्हणजे टीएससी, एचपीईटी किंवा एआरएमचा टायमर. तो चालू यंत्रात सेकंद मोजतो, त्याला तारीख ठाऊक नसते. दुसरी क्लॉक फ्रेमवर्क, म्हणजे चिपच्या आतल्या भागांना लागणारे मेगाहर्ट्झ वाटून देणारी व्यवस्था. तिचाही तारखेशी संबंध नाही. तिसरी आरटीसी, म्हणजे वीज गेली तरी सेलवर चालत राहणारं, तारीख सांभाळणारं घड्याळ. आपलं सगळं बोलणं या तिसऱ्याबद्दल. ते बूट होताना एकदा विचारलं जातं, झोपेतून उठताना विचारलं जातं, आणि एरवी कर्नल स्वतःच्या मोजणीवर चालतो.

आता तुमच्या बोर्डावर काय घडतं ते पाहू. आयएमएक्स६ च्या पोटात एसएनव्हीएस नावाचा विभाग आहे आणि त्यात त्याचं स्वतःचं एक आरटीसी आहे. ते चालू राहायला त्या विभागाच्या वेगळ्या पिनला सेलचा पुरवठा लागतो. बऱ्याच बोर्डांवर, आणि वर्णनावरून तुमच्याही, तो दिलेला नसतो. सेल फक्त डीएस३२३१ ला जोडलेला असतो. परिणामी वीज आली की एसएनव्हीएस शून्यापासून मोजू लागतं, आणि लिनक्सच्या मोजणीत शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. त्याचा ड्रायव्हर बिल्ट-इन, म्हणजे कर्नलमध्येच बांधलेला, आणि घड्याळ चिपच्या आतच असल्यामुळे लगेच सापडणारं. ते पहिलं नोंदलं जातं आणि 'आरटीसी०' हा क्रमांक पटकावतं. मागाहून मॉड्यूल लोड झाल्यावर डीएस३२३१ येतं, त्याला 'आरटीसी१' मिळतं.

कर्नलला मात्र सांगून ठेवलेलं असतं की वेळ 'आरटीसी०' कडून घे. हे सांगणारा पर्याय म्हणजे आरटीसी_एचसीटूसिस, हार्डवेअर क्लॉक टू सिस्टीम, आणि त्याच्या खालोखाल यंत्राचं नाव विचारणारी ओळ, जिच्यात काही न बदलता 'आरटीसी०' असतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या बूट संदेशांत, आरटीसी शोधून पाहा. 'एसएनव्हीएस आरटीसी, नोंदणी आरटीसी० म्हणून' आणि त्यानंतर 'सिस्टीमचं घड्याळ १९७०-०१-०१ ला लावत आहे' अशा अर्थाच्या दोन ओळी दिसतील. त्या दिसल्या की निदान पक्कं. आणखी खात्री हवी तर सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) क्लास, आरटीसी या वाटेने जा. प्रत्येक घड्याळाच्या फोल्डरमध्ये 'नेम' नावाची फाइल ड्रायव्हर कोणता ते सांगते, आणि 'एचसीटूसिस' नावाच्या फाइलमध्ये ज्याच्यापुढे १ आहे त्याच घड्याळावरून सिस्टीमची वेळ लागली आहे. ही शेवटची फाइल फार कमी लोक उघडतात. माझ्या मते सगळ्या तपासणीत तीच पहिली उघडावी, कारण यूडेव्ह, म्हणजे यंत्रांना नावं देणारा प्रोग्रॅम, हाही तिच्याकडे बघूनच 'आरटीसी' हा बिनक्रमांकाचा दुवा कुठे जोडायचा ते ठरवतो. कर्नलची चूक अशी वरपर्यंत पसरते.

तुमच्याकडे बिझीबॉक्सचं साधं इनिट (कर्नलनंतर बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) असावं, म्हणून १९७० उघडं दिसलं. त्याच्या जागी सिस्टीमडी असतं तर चूक झाकली गेली असती. घड्याळ फार मागे दिसलं तर ते त्याला स्वतःच्या बांधणीच्या तारखेवर आणून ठेवतं. मग माणूस म्हणतो, 'तारीख थोडी जुनी दाखवतंय, सेल उतरला असेल', आणि चांगले सेल बदलत बसतो. रास्पबेरी पायवर फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे असंच करतं, बंद होतानाची वेळ फाइलमध्ये ठेवून पुढच्या वेळी तीच परत लावतं. खरं घड्याळ बसवल्यावर ते काढून टाकायचं असतं.

उपाय पहिला, क्रमांक पक्के करणं. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलं आहे त्याच्या वर्णनात, 'एलियासेस' (टोपणनावं) नावाचा नोड असतो. त्यात 'आरटीसी०' हे नाव डीएस३२३१ च्या नोडला आणि 'आरटीसी१' हे नाव एसएनव्हीएसच्या आरटीसीला द्या. दोन्ही ओळी लिहा. यावर मी अडून बसतो, कारण अर्धी दुरुस्ती करून फसलेले खूप पाहिले आहेत. क्रमांक वाटणारा कोड असा चालतो: घड्याळाला एलियास असेल तर तो क्रमांक मागायचा, नसेल तर पहिला मोकळा क्रमांक घ्यायचा. तुम्ही फक्त डीएस३२३१ ला एलियास दिलात आणि एसएनव्हीएसला नाही दिलात, तर आधी पोचलेल्या एसएनव्हीएसला पहिला मोकळा क्रमांक म्हणून शून्यच मिळतो. मागून आलेल्या डीएस३२३१ ला 'एलियासमधला क्रमांक शिल्लक नाही' असा इशारा लॉगमध्ये मिळतो आणि त्याची रवानगी पुन्हा १ वर. म्हणजे डिव्हाइस ट्रीत लिहिलेलं दिसतंय, तरी फळ काहीच नाही.

दुसरे दोन मार्गही आहेत. एसएनव्हीएसच्या आरटीसी नोडचं स्टेटस 'डिसेबल्ड' करायचं, किंवा एचसीटूसिसच्या नावात 'आरटीसी१' लिहायचं. नोड बंद करणं स्वच्छ आहे, पण त्या घड्याळाच्या अलार्मने बोर्ड झोपेतून उठवायचा असेल तर तो दरवाजा बंद होतो. कॉन्फिगमध्ये 'आरटीसी१' लिहिणं मला पटत नाही. क्रमांक हा कोण आधी पोचलं यावर ठरलेला असतो, आणि उद्या कुणी ड्रायव्हर बिल्ट-इन केला की तोच क्रमांक दुसऱ्याकडे जाईल. कोणतं घड्याळ सेलवर आहे ही बोर्डाची गोष्ट आहे, ती बोर्डाच्या वर्णनातच लिहिली जावी.

आता नुसते एलियास देऊन मॉड्यूल तसाच ठेवलात, तर तुम्हाला वेगळी ओळ दिसेल: 'आरटीसी० हे यंत्र उघडता येत नाही.' ही प्रगती समजा. कर्नल आता योग्य घड्याळ शोधतो आहे, पण ते अजून आलेलंच नाही. ४.१९ मध्ये वेळ वाचण्याचं काम बूटच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, लेट-इनिटकॉलमध्ये, एकदाच होतं. मॉड्यूल हे रूट फाइल सिस्टीम जोडल्यानंतर लोड होतात, तोवर ती वेळ टळलेली असते. म्हणून डीएस१३०७ चा ड्रायव्हर 'एम' (मॉड्यूल) वरून 'वाय' (बिल्ट-इन) वर आणायचा.

आणि इथे दुसरा सापळा आहे. आरटीसीचा ड्रायव्हर बिल्ट-इन झाला म्हणजे घड्याळ लवकर सापडेल असं नाही. ते ज्या बसवर आहे त्या बसच्या कंट्रोलरचा ड्रायव्हरसुद्धा बिल्ट-इन हवा. केकॉन्फिग, म्हणजे मेनूमागची पर्यायांची यंत्रणा, तुम्हाला आय-टू-सीचा गाभा 'वाय' करायला लावतं, कारण आरटीसीचा ड्रायव्हर त्यावर अवलंबून आहे. पण कंट्रोलर कोणता आहे हे त्याला माहीत नसतं. आयएमएक्सचा आय-टू-सी ड्रायव्हर मॉड्यूल राहिला तर केकॉन्फिग एका शब्दाने टोकणार नाही, आणि डीएस३२३१ तितक्याच उशिरा येईल. मी कॉन्फिग तपासताना नेहमी चिपपासून प्रोसेसरकडे उलटा चालत जातो: घड्याळ, मग बस, मग बसचा पिन कंट्रोल, मग तिला वीज देणारा रेग्युलेटर. यातली एक कडी जरी मॉड्यूल असली तरी प्रोबिंग, म्हणजे ड्रायव्हरने चिप शोधून ताब्यात घेणं, पुढे ढकललं जातं, आणि जुन्या कर्नलमध्ये ढकललं गेलेलं घड्याळ वेळ लावण्याच्या मुहूर्ताला चुकतं.

नव्या कर्नलमध्ये ही अडचण बरीच सौम्य झाली आहे. तिथे घड्याळाची नोंदणी होते त्याच क्षणी त्याचं नाव एचसीटूसिसच्या नावाशी ताडून पाहिलं जातं, जुळलं तर वेळ तिथल्या तिथे लावली जाते. मग ड्रायव्हर मॉड्यूल असला तरी चालतो. तरीही माझा सल्ला बदलत नाही, बिल्ट-इनच ठेवा. मॉड्यूल उशिरा आला तर वेळ अर्ध्या बूटमध्ये पन्नास वर्षांनी पुढे उडी मारते, आणि त्या उडीच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ धरून बसलेला प्रत्येक प्रोग्रॅम गोंधळतो. काही किलोबाइट वाचवण्यासाठी हे कशाला ओढवून घ्यायचं?

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. घड्याळ वेळ सांगतं आहे म्हणजे ती खरी आहे असं नसतं.

काही वर्षांपूर्वी कोकणात पावसाची नोंद घेणाऱ्या यंत्रांचं काम माझ्याकडे आलं होतं. पावसाळ्यात तिथे वीज जाणं नेहमीचं. एका यंत्राच्या नोंदीत धो धो पाऊस १ जानेवारी २००० या तारखेवर पडलेला निघाला, आणि पुढे महिनाभर सगळं त्याच तारखेपासून मोजलेलं. सेलचा होल्डर गंजून संपर्क सुटला होता. वीज परत आल्यावर डीएस३२३१ आपल्या मूळ स्थितीत, म्हणजे २००० सालच्या पहिल्या तारखेला, सुरू झालं आणि कर्नलने ती वेळ मुकाट्याने घेतली. त्या नोंदींवर कुणीतरी धरणाच्या पाण्याचा अंदाज बांधणार होतं. तेव्हापासून मी घड्याळाला 'किती वाजले' विचारण्याआधी 'तू मध्ये थांबलं होतंस का' हे विचारतो.

आणि चिप ते सांगते. डीएस३२३१ च्या स्टेटस रजिस्टरमध्ये, हेक्स ०एफ या पत्त्यावर, सर्वांत वरचा बिट हा ऑसिलेटर थांबल्याची खूण आहे. स्फटिकाचं कंपन एकदा जरी थांबलं तरी तो १ होतो आणि कुणी पुसेपर्यंत तसाच राहतो. जुन्या कर्नलमधला ड्रायव्हर ही खूण पाहून लॉगमध्ये 'वेळ लावा' असा इशारा छापायचा आणि खूण स्वतःच पुसून टाकायचा. पुढच्या बूटला पुरावाही उरायचा नाही. पुढे हे सुधारलं: खूण लागलेली असेल तर ड्रायव्हर वेळ द्यायलाच नकार देतो, आणि कुणी नव्याने वेळ लिहिली की मगच खूण पुसली जाते. म्हणून नव्या कर्नलवर नवीन चिप बसवल्यावर एचडब्ल्यूक्लॉकने वाचायला गेलात की 'अवैध आर्ग्युमेंट' अशी त्रुटी येते, आणि लोक घाबरून सोल्डरिंग तपासू लागतात. तो नकार प्रामाणिक आहे. एनटीपीवरून (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) किंवा हाताने सिस्टीमची वेळ बरोबर करा, एचडब्ल्यूक्लॉकच्या डब्ल्यू पर्यायाने ती चिपमध्ये लिहा, त्रुटी जाईल. तुम्ही ४.१९ वरच राहणार असाल तर तो 'वेळ लावा' इशारा लॉगमधून उचलून कुठेतरी कायमचा नोंदवण्याची सोय जरूर करा. जमत असेल तर कर्नलच नवा घ्या. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी मी तो बदलेन.

उलट दिशेचा पर्याय आरटीसी_सिसटूएचसी, म्हणजे सिस्टीमकडून हार्डवेअरकडे. तो चालू ठेवा. एनटीपीने वेळ जुळल्याचं कर्नलला कळवलं गेलं की कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी ती आरटीसीत लिहून ठेवतो. एनटीपीसाठी क्रोनी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'आरटीसीसिंक' ही ओळ लागते. ती नसेल तर घड्याळ आपल्या गतीने भरकटत राहतं आणि ते कळतं थेट पुढच्या बूटला.

भरकटणं किती, याचा हिशोब मनात असावा. आरटीसीचा स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असतो, कारण तो २ चा १५ वा घात आहे आणि पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. साधा स्फटिक दशलक्षात २० भाग इकडेतिकडे झाला तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा, वर्षाला दहा मिनिटांचा फरक पडतो. शिवाय हा स्फटिक २५ अंशांच्या आसपासच सर्वांत नीट चालतो. तापमान वर जावो की खाली, तो मंदावतोच, आणि फरक अंशांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विदर्भात मे महिन्यात उन्हातल्या पेटीचं तापमान ४५ अंशांवर असेल, तर केवळ त्यामुळे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास जातं. डीएस३२३१ स्वतःचं तापमान मोजून दुरुस्ती करतं, म्हणून ० ते ४० अंशांत ते दशलक्षात २ भागांच्या आत राहतं, वर्षाला साधारण एक मिनिट. खरेदी करताना मात्र चिपच्या नावापुढे 'एम' अक्षर आहे का पाहा. त्या प्रकारात हीच मर्यादा ५ भागांची आहे, म्हणजे वर्षाला अडीच मिनिटांहून थोडं जास्त.

तुम्ही जाता जाता तुमच्या लॅपटॉपबद्दलही विचारलं होतं: विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि घड्याळ कधी बरोबर ५ तास ३० मिनिटांनी चुकतं. हा आकडा ऐकला की ड्रायव्हरकडे बघायचंही नाही. भारतीय वेळेचा फरक जसाच्या तसा दिसतो आहे, तेव्हा एक प्रणाली घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि दुसरी ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचते. कर्नलचं एचसीटूसिस आरटीसीला यूटीसीच मानतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही किंमत १ करून विंडोजलाच यूटीसीवर आणा. लिनक्सला स्थानिक वेळेवर नेणं शक्य आहे, पण ते टाळा.

पीसीवर ड्रायव्हर निवडणं सोपं आहे: आरटीसी_सीएमओएस, तोही 'वाय'. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. ती चिप गेली, पण तिचे हेक्स ७० आणि ७१ हे पोर्ट आणि ८ क्रमांकाचा इंटरप्ट आजच्या चिपसेटमध्येही तसेच आहेत. जुना, २.६ च्या काळातला कर्नल कुणाला सांभाळावा लागत असेल तर एक जपा. तेव्हा कॅरेक्टर डिव्हाइसेसच्या मेनूत आरटीसीचा जुना ड्रायव्हर वेगळा होता, आणि २.६.१७ पासून आलेल्या आरटीसी क्लास या नव्या रचनेबरोबर तोही चालू ठेवला तर दोघे त्याच पोर्टवर हक्क सांगतात. जो आधी येतो तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही. जुना बंद करायचा, क्लास ठेवायचा.

शेवटी सेल. डीएस३२३१ चं तयार मॉड्यूल, निळ्या पट्टीवरचं, बाजारात सर्रास मिळतं. त्यातल्या अनेकांवर पुरवठ्याकडून एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर सेलकडे जातो. तो चार्जिंगचा मार्ग आहे आणि तो एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. दुकानदार देतो तो सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. ५ व्होल्टवर तो फुगतो, गळतो. तुमचं मॉड्यूल असं असेल तर तो रेझिस्टर काढून टाका आणि मग सीआर२०३२ निर्धास्त वापरा.

सगळं झाल्यावर तपासणी अशी करा. बोर्ड नुसता रिबूट करू नका, कारण रिबूटमध्ये वीज जात नाही आणि एसएनव्हीएसही आपली वेळ राखून बसतं. त्यामुळे चुकीची जुळणीही बरोबर भासते. पुरवठ्याची वायर उपसा, नेटवर्कची केबलही काढा, म्हणजे एनटीपी मदतीला येणार नाही. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वीज देऊन डीमेसेज वाचा. 'सिस्टीमचं घड्याळ लावत आहे' या ओळीत डीएस१३०७ चं नाव आणि त्या सकाळची यूटीसी वेळ आली पाहिजे, म्हणजे तुमच्या मनगटावर साडेनऊ वाजले असतील तर तिथे चार. मग सेल काढून पुन्हा एकदा हेच करा. या खेपेस बोर्डाने एकतर वेळ द्यायला नकार दिला पाहिजे किंवा इशारा छापला पाहिजे. मुकाट्याने २००० साल दाखवलं, तर तो बोर्ड अजून बाहेर पाठवू नका.